ग्राफिक डिझायनरचा निर्णयातला वाटा

नाशिकमध्ये ग्राफिक डिझाइनच्या क्षेत्रात उतरणाऱ्या तरुणाला पहिले काम मिळते ते बहुधा फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात, एखाद्या ऑफसेट प्रेसच्या डीटीपी विभागात किंवा समाजमाध्यमांवरील जाहिराती सांभाळणाऱ्या छोट्या एजन्सीत. आणि या तिन्ही ठिकाणी कामाचा रेटा असा असतो की आपण नेमके काय शिकतो आहोत, याचा विचार करायला सवड उरत नाही. ग्राहक शेजारच्या खुर्चीत बसून फोटो मोठा करायला, नाव लाल करायला आणि रिकामी दिसणारी जागा भरून टाकायला सांगतो, संगणकापुढची व्यक्ती ते निमूटपणे करते, आणि काही वर्षांनी तिच्या हाताला विलक्षण गती आलेली असली तरी तिच्या जागी तितक्याच गतीचा दुसरा कोणीही बसवता येईल, हे मालकाला जसे ठाऊक असते तसे तिलाही. मजकूर, चित्र, रंग आणि मोकळी जागा यांची विशिष्ट वाचकासाठी, विशिष्ट हेतूने केलेली मांडणी म्हणजे ग्राफिक डिझाइन, अशी व्याख्या केली तर या कामात मांडणी आहे, परंतु वाचक कोण आणि हेतू कोणता, हे ठरवण्यात मांडणाऱ्याचा हात नाही. या व्यवसायातील असमाधानाचे कारण पुष्कळदा कमी पगारात किंवा कलात्मक स्वातंत्र्याच्या अभावात शोधले जाते. वस्तुतः ते निर्णयात वाटा नसण्यात अधिक असते. हा वाटा मागून मिळत नाही. छपाईची प्रक्रिया, लिपी आणि ग्राहकाचा धंदा या तीन गोष्टी ज्याला समोरच्यापेक्षा अधिक समजतात, त्याचे म्हणणे आपोआप ऐकले जाते, आणि तरुण डिझायनरने पहिली पाचसहा वर्षे नेमक्या याच तीन गोष्टींवर खर्च करावीत, अशी या लेखाची भूमिका आहे.

नाशिक परिसराला या दृष्टीने एक पूर्वज लाभलेला आहे, पण त्याची आठवण वेगळ्याच कारणाने काढली जाते. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळले ते चाळिशीच्या उंबरठ्यावर; त्याआधीचे त्यांचे आयुष्य आजच्या भाषेत ग्राफिक डिझायनर आणि मुद्रक यांचे होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, छायाचित्रणाचा व्यवसाय, पुरातत्त्व खात्यात आरेखकाची नोकरी, ती सोडून स्वतःचा कोरीवकामाचा आणि छपाईचा छापखाना, आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीची वारी, असा हा प्रवास आहे. भागीदारांशी न पटल्यामुळे ते त्या धंद्यातून बाहेर पडले. मात्र प्रकाश, प्लेट, रसायन आणि यंत्र यांची जी जाण त्यांनी छापखान्यात कमावली होती, तिच्याशिवाय १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' एका माणसाच्या देखरेखीखाली उभा राहणे कठीण होते. माध्यम बदलले तरी प्रक्रियेचे ज्ञान वाया जात नाही, ही गोष्ट आज सॉफ्टवेअरच्या दर आवृत्तीगणिक धास्तावणाऱ्या तरुणाने लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसरा वारसा नाशिकरोडचा. हिंदुस्थानची टपाल तिकिटे दीर्घकाळ प्रामुख्याने लंडनच्या दे ला रू कंपनीकडून छापून येत असत. १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाल्यावर ती येथे छापली जाऊ लागली, आणि १९३१ मध्ये नव्या दिल्लीच्या उद्घाटनानिमित्त निघालेली देशातील पहिली चित्रमय तिकिटेही याच छापखान्यातून बाहेर पडली. टपाल तिकीट हा डिझाइनच्या शिस्तीचा उत्तम पाठ आहे. दोनतीन सेंटिमीटरच्या जागेत चित्र, देशाचे नाव आणि मूल्य हे तिन्ही एका नजरेत वाचता यावे लागते, आणि मोठ्या कागदावर सुबक दिसणारी बारीक रेषा त्या आकारात हमखास मरते. जुन्या तिकिटांचा एखादा संग्रह भिंगाखाली पाहण्यात घालवलेली दुपार, बोधचिन्हे पडद्यावर मोठी करून पाहण्याच्या सवयीवर चांगला उतारा ठरते. कारण व्हिजिटिंग कार्डावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर त्याच बोधचिन्हाला तिकिटाएवढीच जागा मिळणार असते.

शिक्षणाचा प्रश्न लवकर निपटता येतो. महाराष्ट्रात या क्षेत्राचे अधिकृत नाव उपयोजित कला असे आहे, आणि शाळेतील एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांपासून सुरू होणारी वाट बारावीनंतर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून चार वर्षांच्या पदवीकडे जाते. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चे. तेथे १९३५ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक कला विभागातून पुढे स्वतंत्र उपयोजित कला संस्था उभी राहिली. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ ची, तर मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ चे, आणि या दोन्हींच्या प्रवेश परीक्षा स्वतंत्र असतात. ज्यांना ही दारे उघडी नाहीत, आणि नाशिक जिल्ह्यातील बहुसंख्य तरुणांना ती नसतात, त्यांच्यासमोर सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमांचे फलक असतात. असे अभ्यासक्रम वाईट असतात असे नव्हे. पण ते कोरल, फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर यांतील आज्ञा शिकवतात आणि त्यांना डिझाइनचे शिक्षण म्हणतात. प्रवेश घेण्यापूर्वी एवढेच विचारावे की अभ्यासक्रमात हाताने रेखाटन आहे काय, अक्षररचना स्वतंत्रपणे शिकवली जाते काय, आणि विद्यार्थ्यांना छापखान्यात नेले जाते काय. तिन्ही उत्तरे नकारार्थी आली, तर सॉफ्टवेअर घरबसल्या, इंकस्केप किंवा क्रिटा यांसारख्या विनामूल्य साधनांवरही शिकता येते, आणि फीचा पैसा चांगल्या पुस्तकांसाठी वाचतो.

छापखान्याची ओळख मात्र घरबसल्या होत नाही. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या ऑफसेट प्रेसमध्ये काही महिने, अगदी किरकोळ मानधनावरही, काम करणाऱ्याला जे कळते ते पडद्यावर वर्षानुवर्षे बसून कळत नाही. पडदा प्रकाशाचे तीन रंग मिसळून चित्र दाखवतो, तर छापील कागद निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांवर चालतो, आणि त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर कधीच उतरत नाही. कागदाच्या कडेपर्यंत जाणारा रंग कापताना पांढरी रेघ उरू नये म्हणून तो कडेबाहेर साधारण तीन मिलिमीटर वाढवावा लागतो, त्याला ब्लीड म्हणतात. बारीक काळा मजकूर चारही शायांत विभागला गेला आणि प्लेट केसभर सरकली, तर अक्षराभोवती रंगीत सावली दिसते. या गोष्टी पाठ करून उपयोगी नाहीत. यंत्रचालकाने एकदा खराब झालेल्या शीटचा गठ्ठा समोर टाकला की त्या कायमच्या लक्षात राहतात, आणि यंत्रचालकाशी आदराने बोलणारा डिझायनर पुढे आयुष्यभर नुकसानीतून वाचतो.

नाशिकच्या संदर्भात छपाईचे सर्वांत फलदायी क्षेत्र म्हणजे वेष्टन, अर्थात पॅकेजिंग. द्राक्षे, वाइन, चिवडा, मसाले, बेदाणे, येवल्याची पैठणी आणि औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग या सर्वांना खोका, पिशवी, लेबल किंवा माहितीपत्रक लागते, आणि यातील प्रत्येकाची छपाई निराळी. द्राक्षांचा नालीदार पुठ्ठ्याचा खोका बहुधा फ्लेक्सोग्राफीने, म्हणजे लवचीक रबरी किंवा पॉलिमरच्या ठशाने छापला जातो. पुठ्ठ्याच्या नाल्यांवर ठसा दाबला गेला की बारीक रेषा फुगते आणि गडद पार्श्वभूमीत कोरलेली पांढरी अक्षरे भरून जातात, म्हणून तेथे दोनतीन सपाट रंग आणि जाड अक्षरे हीच शहाणी निवड असते. हे ठाऊक नसलेला डिझायनर सुंदर छायारंगांचा खोका काढून देतो, छापून आलेला माल पाहून ग्राहक नाराज होतो, आणि दोष प्रेसवाल्याच्या माथी मारला जातो. दिंडोरी तालुक्यातील मोहाडी येथे उभी राहिलेली सह्याद्री फार्म्ससारखी शेतकरी उत्पादक कंपनी असो की निफाडचा एकटा निर्यातदार असो, त्यांचा खोका परदेशातील गोदामात रचला जातो, तेथे तो कोणत्या बाजूने दिसतो, त्याच्यावर माल कोणत्या बागेतून आला याचा शोध घेता येईल असे संकेतांक कुठे हवेत, हे विचारणारा डिझायनर चित्र काढणाऱ्यापेक्षा वरच्या जागी बसतो.

वाइनच्या बाटलीचे गणित आणखी वेगळे आहे. मद्याच्या थेट जाहिरातीवर देशात कडक बंधने असल्यामुळे जे काम इतर मालाच्या बाबतीत होर्डिंग आणि दूरचित्रवाणी करतात, त्यातले बरेचसे येथे तळहाताएवढ्या लेबलला करावे लागते. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सुला वाइन्सच्या मिशाळ सूर्याकडे या नजरेने पाहावे: फ्रेंच किल्ले आणि सोनेरी अक्षरे यांची नक्कल करण्याऐवजी त्याने गावठी, मिश्कील चेहरा पुढे केला, आणि वाइन हे परक्यांचे पेय आहे ही ग्राहकाच्या मनातील अढी त्या चेहऱ्याने बरीच सैल केली असावी. हा निर्णय रेषेचा नव्हता. माल कोणाला विकायचा आहे याचा तो निर्णय होता, आणि असा निर्णय घेतला जातो त्या बैठकीत बसायला मिळणे हीच या व्यवसायातील खरी बढती होय.

खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर कायद्याचेही बरेच शब्द असतात, आणि ते टाळता न येणारे शब्द नीट बसवणे हे कौशल्य बाजारात दुर्मीळ आहे. २०११ च्या वैधमापनशास्त्र नियमांनुसार आवेष्टित मालावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क द्यावा लागतो, आणि अंकांची किमान उंचीही ठरलेली आहे. ही सक्तीची माहिती हिंदीत किंवा इंग्रजीत हवी, मराठी तिच्या जोडीला देता येते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि शाकाहारासाठी हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ, मांसाहारासाठी तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण ही चिन्हेही ठरलेलीच. नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून छपाईला सोडण्यापूर्वी चालू तरतूद तपासून घेणे आणि ग्राहकाची लेखी संमती घेणे आवश्यक ठरते. घरगुती मसाल्याचा व्यवसाय नुकताच सुरू करणाऱ्या महिला बचत गटाला सुंदर पिशवीपेक्षाही परत बोलावावी न लागणारी पिशवी हवी असते, आणि ती देणाऱ्याकडे पुढचे काम चालत येते.

आता लिपीकडे वळता येईल, कारण मराठी डिझायनरची सर्वांत मोठी मिळकत आणि सर्वांत मोठी उपेक्षा दोन्ही येथेच आहेत. बहुतेक शिकवण्या, पाठ्यपुस्तके आणि तयार नमुने रोमन अक्षरांवर आधारलेले असतात, आणि त्यांतील नियम देवनागरीला जसेच्या तसे लावले की मजकूर बिघडतो. रोमन शीर्षकात अक्षरांमधील अंतर वाढवणे ही नेहमीची युक्ती आहे. देवनागरीत त्यामुळे शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. रोमनमध्ये मोठी लिपी आणि लहान लिपी यांच्या साहाय्याने महत्त्वाची उतरंड दाखवता येते. देवनागरीला हा भेद नसल्यामुळे ती उतरंड जाडी, आकार आणि जागा यांतूनच साधावी लागते. वरच्या मात्रा, रफार व अनुस्वार आणि खालचे उकार यांना दोन्हीकडे जागा लागते, म्हणून ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा सढळ ठेवावे लागते, आणि द्विभाषिक फलकावर दोन्ही लिपींना एकच आकडा दिला तर मराठी बहुधा लहान दिसते. इनडिझाइनसारख्या प्रणालीत मजकूर जुळवणारी जागतिक लिप्यांची पर्यायी यंत्रणा निवडली नाही, तर जोडाक्षरे फुटतात आणि वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते.

दुसरी अडचण जुन्या फॉन्टची आहे. श्रीलिपीसारख्या प्रणालींमध्ये टंकित केलेला मजकूर अनेक वर्षे अशा सांकेतिक पद्धतीने साठवला गेला की तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत, रुळल्यानंतरही कित्येक छापखान्यांत हे जुने मॅटर येत राहते, आणि रूपांतर करताना काही अक्षरे हमखास चुकतात. प्रूफ वाचणे हे आपले काम नाही, असे म्हणणाऱ्या डिझायनरने हे ध्यानात घ्यावे की फॉन्टमध्ये 'ऱ्य' मधला अर्धा र नसला तर 'आचाऱ्याला' पाठवलेले निमंत्रण 'आचार्याला' जाते, आणि पत्रिका छापून झाल्यावर त्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. राज्य शासनाने २००९ मध्ये पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे प्रमाण ठरवली, आणि काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली की ती आपोआप येतात. एवढी बारीक गोष्ट कोण पाहतो, असा प्रश्न विचारला जातो. शाळेचे पुस्तक, शासकीय प्रकाशन किंवा चांगला प्रकाशक यांचे काम ज्यांना हवे आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे की तेथील संपादक ती नक्कीच पाहतात.

या बाबतीत मराठीची परंपरा संपन्न आहे, आणि तिचा अभ्यास पुस्तकांच्या दुकानात, सार्वजनिक वाचनालय नाशिकसारख्या १८४० पासून चालत आलेल्या ग्रंथालयात किंवा रद्दीच्या गठ्ठ्यातही करता येतो. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकात देवनागरी खिळ्यांचा दर्जा ठरवून दिला, दीनानाथ दलाल यांनी मुखपृष्ठे आणि 'दीपावली' अंक यांतून मराठी घराघरात रंगसंस्कार पोहोचवले, कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांना असे अक्षर दिले की वृत्तपत्राच्या जाहिरातीत नुसत्या अक्षरावरून नाटकाचा स्वभाव कळावा, र. कृ. जोशी यांनी सुलेखन आणि संगणक यांचा सांधा जोडला, आणि विंडोजमधून घरोघरी गेलेला मंगल हा फॉन्ट त्यांचाच. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेले मुक्त आणि बलू यांसारखे फॉन्ट आज मुक्त परवान्यावर कोणालाही वापरता येतात, त्यामुळे चोरीचे फॉन्ट वापरण्यास गरिबीची सबबही उरलेली नाही. शेडग्यांची दहा शीर्षके हाताने गिरवून पाहणाऱ्याला जाडबारीकपणाचा तोल कळतो. तीच दहा शीर्षके नुसती मोबाइलमध्ये साठवून ठेवणाऱ्याला काहीच कळत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची चित्रे बनवणारी साधने आणि तयार साच्यांची संकेतस्थळे यांच्यामुळे आधी कोसळते ती नुसत्या गतीची किंमत. लिपीची अशी जाण असलेला माणूस त्या साधनांकडून काम करून घेऊ शकतो, कारण काय चुकले ते त्याला दिसते.

नाशिकला याच दशकात एक असे काम आहे की जे कोणत्याही शहराच्या वाट्याला सहसा येत नाही. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये भरात असेल, आणि रामकुंड, तपोवन, त्र्यंबकेश्वरचे कुशावर्त, वाहनतळ, रुग्णालये व हरवलेल्यांची केंद्रे यांच्यामध्ये देशभरातून आलेली, अनेक लिप्या वाचणारी किंवा कोणतीच न वाचणारी माणसे वाट शोधत फिरणार आहेत. अशा गर्दीला दिशा दाखवणाऱ्या फलकांच्या एकसंध रचनेला मार्गदर्शक चिन्हव्यवस्था म्हणतात. मेक्सिको शहराच्या भुयारी रेल्वेसाठी १९६९ च्या सुमारास लान्स वायमन यांनी प्रत्येक स्थानकाला एक स्वतंत्र चित्र दिले, ज्यामुळे निरक्षर प्रवाशालाही आपले स्थानक ओळखता आले. वाटेतल्या प्रत्येक घाटाला, प्रत्येक वाहनतळाला असे चित्र दिले तर काय होईल, याचा आराखडा नाशिकच्या विद्यार्थ्याने कोणी काम देण्याची वाट न पाहता स्वतः करून पाहावा. अंतर मोजून, गर्दीत उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची धरून, रात्रीच्या उजेडात कागदी नमुने लावून केलेला असा प्रकल्प कामांच्या संग्रहात, म्हणजे पोर्टफोलिओत, वीस काल्पनिक बोधचिन्हांपेक्षा वजनदार ठरतो. पोर्टफोलिओत आठदहा कामे पुरेशी असतात, मात्र प्रत्येकाशेजारी अडचण काय होती, कोणते पर्याय टाकून दिले आणि का, हे चार ओळींत लिहिलेले असावे. निवड करणाऱ्याला अंतिम चित्र अनेकांकडे दिसते, विचार फार थोड्यांकडे.

नोकरी करावी की स्वतंत्र काम, याचे एकच उत्तर नाही, पण क्रम बहुधा ठरलेला असावा: आधी नोकरी, तीही शक्यतो अशा ठिकाणी जेथे वर कोणी अनुभवी माणूस काम तपासतो आणि नाकारतो. पदवीनंतर लगेच स्वतंत्र झालेल्या तरुणाचे काम नाकारणारा फक्त ग्राहक उरतो, आणि ग्राहकाचे कारण बहुधा किंमत किंवा आवड एवढेच असते. मुंबई किंवा पुणे गाठल्याशिवाय गती नाही हा समजही तपासून घ्यावा लागतो. स्वच्छ भारत अभियानाचे गांधीजींच्या चष्म्याचे बोधचिन्ह २०१४ मध्ये खुल्या स्पर्धेतून निवडले गेले ते कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांचे, आणि २०१६ नंतरच्या चलनी नोटांवर ते देशातील प्रत्येकाच्या हाती गेले. या उदाहरणाचा उलटा अर्थ मात्र लावू नये. खुल्या स्पर्धेत एकाची निवड होते आणि बाकीच्या साऱ्यांचे श्रम विनामोबदला राहतात. म्हणून शासकीय किंवा सार्वजनिक हेतूच्या स्पर्धेत वर्षातून एखाद्या वेळी भाग घ्यावा, पण खासगी कंपनीने 'आधी नमुना दाखवा, आवडला तर बघू' असे म्हटले, तर जुने काम दाखवावे आणि नव्या नमुन्याचे पैसे मागावेत.

पैशाची बोलणी हा या व्यवसायातील सर्वांत टाळला जाणारा भाग आहे, विशेषतः ओळखीतून कामे मिळणाऱ्या शहरात, जेथे ग्राहक हा मामांचा मित्र किंवा शाळेतल्या सरांचा जावई असतो. त्यावर उपाय म्हणजे कामापूर्वीचे एक पानी पत्र: काय करून द्यायचे, किती पर्याय दाखवायचे, किती फेऱ्यांपर्यंत करेक्शन विनाशुल्क, त्यापुढे किती, छपाईचा खर्च कोणाचा, आगाऊ रक्कम किती आणि ओपन फाइल, म्हणजे बदल करता येईल अशी मूळ फाइल, द्यायची की नाही. ओळखीच्या माणसाला हे पत्र पाठवायचा संकोच वाटतो खरा, पण संबंध बिघडतात ते पत्रामुळे नव्हे. अकराव्या करेक्शननंतर एकाच्या मनात आलेल्या आणि दुसऱ्याला न सांगितलेल्या आकड्यामुळे बिघडतात. दर ठरवताना तासांचा हिशेब स्वतःपुरता ठेवावा आणि ग्राहकाला कामाचा दर सांगावा, कारण तासांवर बोली झाली की अनुभवाने आलेली चपळाई तोट्याची ठरते.

हक्कांचा भाग या पत्रात नक्की असावा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कलाकृतीचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नियोक्ता असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याच्या बाबतीत हक्काचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत, असे कायदा धरून चालतो. ग्राहकाला बोधचिन्ह कायमचे आणि जगभर हवे असते, ट्रेडमार्क म्हणून नोंदवायचेही असते. म्हणून हस्तांतरण पूर्ण रक्कम मिळाल्यावर लागू होईल, असे एक वाक्य घालणे दोघांच्याही हिताचे ठरते. आपण केलेले काम स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवण्याची मुभाही त्याच पत्रात मागून घ्यावी.

थकलेल्या बिलांवरही कायद्याचा आधार आहे, पण तो आधी नोंदणी केलेल्यालाच मिळतो. उद्यम नोंदणी निःशुल्क आणि ऑनलाइन होते, सेवा देणारी एकटी व्यक्तीही ती करू शकते, आणि नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असल्यास फार तर पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत रक्कम मिळायला हवी. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते आणि राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करता येतो. मुदत उलटूनही वर्षअखेरपर्यंत रक्कम न देणाऱ्या ग्राहकाला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा दाखवता येत नाही, अशी तरतूदही अलीकडे झाल्यामुळे औद्योगिक वसाहतीतील लेखापाल मार्चअखेर अशा बिलांकडे स्वतःहून लक्ष देऊ लागले आहेत. बिलावर उद्यम क्रमांक, पॅन, कामाचे वर्णन आणि देय दिनांक ठळक छापावा. सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सामान्यतः सक्ती नसते. ग्राहकाने कापलेला टीडीएस मात्र वर्षअखेर विवरणपत्र भरूनच परत मिळतो, आणि त्यासाठी एप्रिलपासूनच प्रत्येक बिलाची नोंद एका वहीत किंवा तक्त्यात ठेवावी लागते.